दातांची तार आणि दीड हजारांचा हप्ता

विट्याहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, छापत नाही. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, पंधरा-सोळा हजार हातात येतात. मी घरी ब्लाऊज शिवते. मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. तिचे वरचे दात बरेच पुढे आहेत, ओठ मिटत नाहीत, वर्गात पोरं चिडवतात. इथल्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून तारेचे डॉक्टर येतात. त्यांनी स्टीलच्या तारेचे ४२,०००, दातांच्या रंगाच्या क्लिपांचे ५८,००० आणि काढ-घालीचे पारदर्शक ट्रे हवे असतील तर १,४०,००० सांगितले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'नो कॉस्ट ईएमआय करून देते, महिना फक्त ३,५००', आणि तिने आधार-पॅन मागितलं. मी विचार करून सांगते म्हणून उठले. माझ्याजवळ १४,००० साठलेत. लाडकी बहीणचे दीड हजार मी वेगळे ठेवते. जाऊबाई म्हणतात पाटल्या गहाण ठेव. सासूबाई म्हणतात लग्नाच्या वेळी बघू, आत्ता काय घाई. फुले योजनेत हे बसतं का? मोठा मुलगा एकोणीसचा, त्याचे खालचे दात थोडे वाकडे आहेत, तोही म्हणतो मलापण लावा. काय करू? आणि मुलगी विचारायला सांगते, तार लावल्यावर ऊस खाता येतो का?"

ताई, आधार-पॅन न देता उठून आलात, तिथेच तुमचं अर्धं काम झालं. उसाचं शेवटी सांगते.

फुले योजनेचा प्रश्न एका ओळीत मिटतो. नाही बसत. ती योजना ठरावीक आजारांच्या आणि ऑपरेशनांच्या यादीवर चालते आणि दात सरळ करायची तार त्या यादीत नाही. मिस्टरांच्या नावे एखादा मेडिक्लेम असलाच, तर तोही इथे कामाचा नाही. अपघातात दात-जबड्याला मार बसला तर विमा कंपन्या विचार करतात, तारेला नाही म्हणतात. हा खर्च तुमच्याच खिशातून जायचा आहे, असं धरूनच पुढे बोलू.

आता सासूबाई. त्या अर्ध्या बरोबर आहेत, फक्त चुकीच्या नातवंडाबद्दल बोलताहेत.

नुसते दात वाकडे असतील तर ते विसाव्या वर्षी सरळ होतात, चाळिसाव्या वर्षीही होतात. हाड आणि हिरड्या धड असल्या की झालं. पण दात पुढे दिसायची दोन कारणं असतात. एक, दातच पुढे झुकलेले. दुसरं, खालचा जबडा मागे राहिलेला, म्हणून वरचे दात आहेत त्याहून पुढे दिसतात. हे दुसरं असेल तर मुलगी वाढीला लागलेली असते त्याच एक-दोन वर्षांत काढ-घालीचं उपकरण देऊन खालच्या जबड्याच्या वाढीचा फायदा घेता येतो. डॉक्टर त्याला बहुधा 'ट्विन ब्लॉक' म्हणतील. मुलींची वाढ मुलांच्या आधी सुरू होते आणि आधी थांबते. बारावं वर्ष म्हणजे ती वेळ अगदी दारात उभी आहे. लग्नापर्यंत थांबलात तर ती गेलेली असेल, आणि मग चांगले दात काढून तडजोड करायची किंवा जबड्याचं ऑपरेशन, एवढेच रस्ते उरतात. शिवाय पुढे आलेले दात पडझडीत पहिले फुटतात. शाळेच्या पायरीवर एकदा तोंडावर आपटली की रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च वेगळा.

म्हणून पैशाच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "हा दातांचा दोष आहे की जबड्याचा?" सगळ्या दातांचा मोठा एक्स-रे आणि बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे पाहिल्याशिवाय कोणी ठाम उत्तर देत असेल तर दुसरीकडे विचारा. जबड्याचा असेल तर उपचार दोन टप्प्यांत होतो, आधी उपकरण, मग तार. तेव्हा ४२,००० हे दोन्ही टप्प्यांचे की एकाचे, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. पहिला टप्पा संपल्यावर दुसऱ्याची रक्कम ऐकून बसलेले आईबाप मी पाहिलेत.

मोठ्याला मात्र सांगा, कमावता झालास की स्वतःच्या पैशाने लाव. त्याचे दात कुठे पळत नाहीत. तोवर दोन वेळा नीट ब्रश केलास तरी पुष्कळ. रागावेल, रागावू दे.

कुठली तार, यावर फार वेळ घालवू नका. स्टीलची घ्या. दात हलवायचं काम तीही तेवढंच करते. दातांच्या रंगाच्या क्लिपा महाग असतात, ठिसूळ असतात, आणि त्यांच्यावरचे पांढरे रबर आपल्या स्वयंपाकाला टिकत नाहीत. एकदा पिठलं, एकदा पिवळी डाळ, की पुढच्या तारखेपर्यंत पोरगी हळद लावल्यासारखे दात घेऊन फिरते. सोळा हजार जास्त देऊन हे कशाला? पारदर्शक ट्रे दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात ठेवावे लागतात. बारा वर्षांची मुलगी डबा खाताना ते काढणार, वहीच्या पानात गुंडाळणार, आणि पान कचऱ्यात जाणार. १,४०,००० चा आकडा तुम्ही विसरूनच जा.

आता जरा हिशेबाला बसू.

तुमच्या हाताशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, सांगलीला भारती विद्यापीठाचं आणि कराडला कृष्णाचं. दोन्ही खासगी आहेत, तेव्हा फुकटात काही होत नाही, पण कॉलेजातले दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बहुतेक वेळा बरेच कमी असतात. (इतर वाचकांसाठी: सरकारी डेंटल कॉलेज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबईत महापालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीला आहे. ज्यांना जवळ आहे त्यांनी आधी तिथेच जावं.) कॉलेजात काम करतात ते एम.डी.एस. शिकणारे डॉक्टर. म्हणजे दाताचे डॉक्टर झालेले, आता तारेचं तीन वर्षांचं पुढचं शिक्षण घेणारे. प्रत्येक पायरीवर वरचे सर किंवा मॅडम बघून जातात. घाई नसते, उलट वेळच जास्त लागतो.

तिथे गेलात तर एक गोष्ट विचाराच, जी कोणी आपणहून सांगत नाही: केस कुठल्या वर्षाच्या डॉक्टरकडे देणार? तार दीड-दोन वर्षं, कधी जास्त चालते. पहिल्या वर्षाचा डॉक्टर मिळाला तर तोच सुरुवात करतो आणि तोच तार काढतो. तिसऱ्या वर्षाचा मिळाला तर तो पास होऊन जातो आणि तुमची फाईल दुसऱ्याच्या हातात पडते. काम थांबत नाही, पण नवा माणूस फाईल वाचून समजून घेईपर्यंत एक-दोन तारखा जातात.

पण कॉलेज स्वस्त म्हणजे तुम्हाला स्वस्तच पडेल, असं नाही. विट्याहून सांगली म्हणजे तुमचा आख्खा दिवस. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, ते दोघींनाही लागू. तरी भाडं, तिथली रिक्षा, चहा-वडा मिळून अडीचशे धरा. त्या दिवशी मशीन बंद, म्हणजे शिलाईचे तीनशे बुडाले. एका खेपेला साडेपाचशे. बावीस खेपा झाल्या तर १२,१००. समजा कॉलेजने एकूण २०,००० सांगितले, तर तुम्हाला तो उपचार ३२,००० ला पडला. ४२,००० पेक्षा दहा हजारांनी कमी, आणि पोरीच्या शाळेचे वीस-बावीस दिवस गेले ते वेगळे. कॉलेजने ३०,००० सांगितले तर विट्यातच करा, विषय संपला.

तरीसुद्धा एकदा सांगलीला जाऊन याच. शाळेला सुट्टी असेल तो दिवस धरा, सकाळी लवकर केसपेपर काढा. तिथून दोन गोष्टी मिळतील. जबड्याचा की दातांचा, याबद्दल दुसरं मत; आणि एक आकडा. हा आकडा पर्समध्ये असला की विट्यातल्या दवाखान्यात तुमचा आवाज जरा वेगळा लागेल.

आता ती काउंटरवरची मुलगी. तिच्यावर राग नाही, तिला तेच सांगायला बसवलेलं असतं. पण 'महिना फक्त ३,५००' हे दवाखान्याचे हप्ते नाहीत. मध्ये एक कर्ज देणारी कंपनी आहे. टॅबवर तुमच्या मिस्टरांचा फोटो काढतात, आधार-पॅन घालतात, फोनवर आकडे येतात. "ओटीपी सांगा" म्हटल्यावर तुम्ही सहा आकडे सांगता आणि कर्ज झालेलं असतं. पैसे दवाखान्याला त्याच आठवड्यात मिळतात. पुढचं वर्षभर तुम्ही त्या कंपनीचे देणेकरी. एक हप्ता चुकला की दंड, आणि मिस्टरांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. व्याज असतंच, ते दुसऱ्या नावाने येतं. शोधायची युक्ती सोपी. जाऊन विचारा, "रोख दिले तर कितीला कराल?" समजा ३८,५०० म्हणाले. म्हणजे तुम्ही खरं तर ३८,५०० उधार घेऊन बारा महिन्यांत ४२,००० फेडताय. मधले ३,५०० हे व्याजच. वर प्रोसेसिंग फी, दोन टक्के धरली तर ८४०, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी १५१. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास. मी मांडून पाहिलं, हा दर वर्षाला एकवीस टक्क्यांवर जातो. यापेक्षा एखादा बचत गटही स्वस्त पडू शकेल.

कर्ज घेऊच नका असं मी कोणाला म्हणत नाही. घेतलंत तर सहीआधी एक कागद मागा, 'की फॅक्ट स्टेटमेंट'. १ ऑक्टोबर २०२४ पासून असल्या कर्जांना तो द्यावाच लागतो, तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक दर सगळे खर्च धरून एका आकड्यात लिहिलेला असतो. 'नो कॉस्ट'वाल्याने हा कागद काढताना त्याचा चेहरा पाहा.

मला व्याजापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. अमेरिकेत स्माईलडायरेक्टक्लब नावाची घरपोच ट्रे पाठवणारी मोठी कंपनी होती, डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. ज्यांचे दात अर्ध्यावर होते त्यांना कळवलं गेलं की उपचार थांबला, पण हप्ते मात्र भरत राहा. एवढ्या लांब कशाला जा, माझ्याच घरात झालं. २०१६ मध्ये माझ्या मुलाला तार बसवली. डॉक्टर म्हणाले, एकरकमी दिलेत तर तीन हजार कमी करतो. मी खुशीत चेक फाडला. नवव्या महिन्यात दवाखान्याला कुलूप, डॉक्टर दुसऱ्या शहरात. दुसऱ्याची अर्धवट तार हातात घ्यायला कोणी तयार होईना. जे झाले त्यांनी सगळी मापं नव्याने घेतली आणि पंचवीस हजार नव्याने घेतले. तीन हजार वाचवणारी मी ही अशी.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगते: काम जसं पुढे जातं तसेच पैसे पुढे जाऊ द्या. घराचं बांधकाम काढलं तर गवंड्याला आपण सगळे आधी देतो का? जोतं झालं की थोडे, स्लॅब पडला की थोडे. तारेचं तसंच आहे. दर महिन्याला जायचं, तार बदलायची किंवा आवळायची, दोन वर्षं. हे मुळातच हप्त्यांचं काम आहे, मध्ये कंपनी कशाला घालायची?

महाराष्ट्रात तारेचे बहुतेक डॉक्टर थेट हप्त्यांना तयार असतात, फक्त हल्ली काउंटर ते आधी बोलत नाही. म्हणून काउंटरशी न बोलता डॉक्टरांशीच बोला, शक्यतो शेवटच्या पेशंटनंतर. असं म्हणा: "डॉक्टर, तार बसवायच्या दिवशी दहा हजार देते. मग दर तारखेला दीड हजार, वीस तारखा. तार काढाल त्या दिवशी उरलेले दोन हजार. ईएमआय नको." दहा, तीस आणि दोन, झाले ४२,०००. काही डॉक्टर सुरुवातीला पंधरा मागतील, कारण क्लिपा आणि सामानाचा खर्च त्यांचा पहिल्याच दिवशी होतो. ते रास्त आहे. बारावर जुळतं का बघा.

डॉक्टरांना भीती पैशाची नसते एवढी पेशंट गायब होण्याची असते. हात अडचणीत आला की लोक लाजेने जायचेच बंद होतात. तार तोंडात तशीच राहते, क्लिपांभोवती किडतं, आणि मग दोष डॉक्टरांवर. तुम्ही आधीच सांगून टाका, "एखाद्या महिन्यात पैसे नसले तरी मी येईन, तुम्ही तार बघा, पैसे पुढच्या वेळी." आणि खरंच जा.

तुमच्या लाडकी बहीणच्या दीड हजारात हा हप्ता नेमका बसतो, ते मी मुद्दामच तसं मांडलं. पण सगळा भार त्यावर टाकू नका. तो पैसा कधी महिनाअखेरीला येतो, कधी पुढच्या महिन्यात ढकलला जातो. दोन हप्त्यांचे तीन हजार शिलाईतून आधी बाजूला पाडा आणि त्याला हात लावू नका. १४,००० मधले दहा तार बसवताना गेले की चार उरतात, ते एक्स-रे, दात साफ करणं, एखादी किड भरणं आणि लागलंच तर दात काढणं यांना. हे सगळं तारेच्या आधी होतं आणि ४२,००० मध्ये बहुधा नसतं.

म्हणूनच अंदाजपत्रक कागदावर घ्या. साधी चिठ्ठी चालेल, दवाखान्याचा शिक्का हवा. क्लिप निघाली तर परत चिकटवायचे किती, काम लांबलं तर वरच्या महिन्यांचे पैसे पडतील का, आणि शेवटी द्यायचा रिटेनर यात धरलाय का, एवढं त्यावर असू द्या. तार लावणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करायच्या शास्त्रात, एम.डी.एस. आहेत ना, हेही पाटीवर किंवा चिठ्ठीवर वाचून घ्या.

रिटेनरवर जरा थांबते, कारण तिथे भली भली माणसं चुकतात. तार काढली की दात परत जुन्या जागी सरकायला बघतात. त्यांना धरून ठेवायला आतून बारीक तार चिकटवतात किंवा काढ-घालीचा साचा देतात. तो घातला नाही तर दोन वर्षं आणि ४२,००० पाण्यात. आमच्या चिरंजीवांनी प्लास्टिकचा साचा 'निर्जंतुक' करायला उकळत्या पाण्यात टाकला, बाळाच्या बाटल्या उकळतात तसा. बाहेर काढला तेव्हा तो पापडासारखा वाकलेला. नवा तीन हजारांना. साचा गार पाण्याने धुवायचा, हे मुलीला तुम्ही आत्तापासून सांगून ठेवा.

आणि पाटल्या. विटा म्हणजे गलाईवाल्यांचं गाव, देशभर सोनं गाळून देणाऱ्यांचं. तुम्हाला सोन्याचं मी काय सांगणार? एवढंच म्हणते की हप्ते डॉक्टरांशी जुळले तर पाटल्यांना हात लावायची गरजच पडत नाही. अगदीच अडलं, जबड्याचा उपचार निघाला आणि दोन टप्प्यांची रक्कम एकदम वर गेली, तर मात्र काउंटरवरच्या ईएमआयपेक्षा बँकेतलं सोनेतारण स्वस्त पडेल. तेव्हा जाऊबाईंचं ऐका. बँकेत जा, आणि पाटल्या सोडवायची तारीख कॅलेंडरवर लिहून मगच घरी या.

मुलीला सांगा, ऊस नाही. सोलून, तुकडे करूनसुद्धा नाही, कारण दाताने तोडताना क्लिप उखडते आणि ती परत चिकटवायला पैसे पडतात. चिक्की, कच्चा पेरू, भाजलेलं कणीसही नाही. कणसाचे दाणे सुरीने काढून दिलेत तर चालतील. उसाचा रस चालेल, घरी आल्यावर चूळ भरायची. आणि ग्लासातला बर्फ चावायचा नाही.